सात जणांचं एक घर: साताऱ्यातल्या एका बंगल्याच्या अंतर्गत रचनेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अंतर्गत रचनाकार म्हणून मला पहिला फोन आला तेव्हा वरच्या मजल्याचा स्लॅब टाकून तीन आठवडे झाले होते. साताऱ्यात चार गुंठ्यांच्या प्लॉटवर सुमारे ३२०० चौरस फुटांचं दुमजली घर उभं राहत होतं. मागच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. राहणारे सात जण: ८१ वर्षांचे आजोबा, ७६ च्या आजी, घराचे कर्ते दादा आणि वहिनी, त्यांचा मुलगा आणि सूनबाई, आणि बारावीत शिकणारी मुलगी. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

या घराची सुरुवात मात्र प्लॉटवर झालेली नव्हती. वाईच्या बाजूच्या एका गावात या कुटुंबाचा एकचौकी वाडा होता. दोन भिंती खचल्यावर तो उतरवावा लागला. खांब, तुळया, माळ्याच्या फळ्या, दिंडी दरवाजाची चौकट आणि तिचा उंबरा असं सगळं सागवान ट्रकने साताऱ्याला आणून ताडपत्रीखाली रचून ठेवलं होतं. पहिल्याच भेटीत आजी मला त्या ढिगाऱ्यापाशी घेऊन गेल्या. "ताई, हे लाकूड नव्या घरात दिसलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

अडचण

तोपर्यंत बाकीचं बरंच काही ठरून गेलं होतं. दादांनी हॉलसाठी पांढरा इटालियन मार्बल पसंत केला होता. सूनबाईंच्या मोबाइलमध्ये फिकट लाकडाच्या, जवळपास रिकाम्या खोल्यांची दोनशेच्या वर चित्रं होती. मुलाला त्याची खोली करड्या-काळ्या रंगात हवी होती. वहिनींनी स्वयंपाकघरासाठी चकचकीत लाल शटर निवडले होते. प्रत्येकाने आपापल्या खोलीपुरता नीट विचार केला होता, आणि एकेकटी पाहिली तर यातली कोणतीच निवड वाईट नव्हती.

मी सगळं एका कागदावर मांडलं. सहा प्रकारच्या फरशा, चार छटांचं लाकूड, दरवाजांचे तीन नमुने, नऊ खोल्यांत नऊ फॉल्स सीलिंग. मग तळमजल्याच्या नकाशावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशी एक ठिपका काढला आणि दादांना विचारलं, "इथे उभं राहिलं की काय काय दिसेल?" हॉल, जेवणाची जागा, स्वयंपाकघराचं दार आणि आजी-आजोबांची खोली. म्हणजे एका नजरेत चार फरशा आणि तीन तऱ्हेची दारं. दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं संभाषण तेच होतं, असं मला आजही वाटतं.

दिसण्यापलीकडची एक अडचण जास्त गंभीर होती. खुब्याच्या ऑपरेशनपासून आजोबा वॉकर घेऊन चालतात. मार्बलची जाडी वेगळी, टाइलची वेगळी, त्याखालच्या मसाल्याची वेगळी. फरशी बदलते तिथे नीट काळजी घेतली नाही तर पाव-अर्ध्या इंचाची धार राहते. धडधाकट माणसाला ती जाणवतही नाही, पण वॉकरचा पाय तिथे अडतो. सहा फरशांच्या घरात अशा जागा किती होतील ते मी मोजलं. तळमजल्यावरच सात निघाल्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ज्याची खोली त्याची मर्जी हा होता. भांडण होत नाही आणि कामही लवकर सुरू होतं. पण मग घर म्हणजे एका छपराखाली भाड्याने दिलेल्या खोल्या.

दुसरा पर्याय नेमका उलटा. एकच फरशी, एकच लॅमिनेट, एकच रंग सगळीकडे. मुलाला तो पटला होता, खर्चही आटोक्यात राहिला असता. मला तो नको होता, कारण अशी खोली कोणाची आहे हे कपाट उघडल्याशिवाय कळत नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि ८१ वर्षांचे आजोबा यांच्या खोल्या सारख्या का असाव्यात?

तिसरा पर्याय वाड्याची पूर्ण प्रतिकृती. कोरीव खांब, कमानी, कोनाडे, हॉलमध्ये तुळशी वृंदावन. दादांच्या एका मित्राने अगदी आग्रहाने सुचवला होता. दहा फूट उंचीच्या सिमेंटच्या हॉलमध्ये नुसत्या शोभेचे खांब उभे करायला मी नकार दिला. खांबाने भार पेलला नाही तर तो मधे येणारा अडथळा होतो.

चौथा पर्याय काय असेल ते तेव्हा माझ्याजवळ तयार नव्हतं. म्हणून एका रविवारी आम्ही सगळे वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा बघायला गेलो. कृष्णेच्या काठावरचा हा सहा चौकांचा वाडा घरातल्या लहानथोरांनी आधी पाहिलेला होता, पण त्या दिवशी बरोबर टेप होता. चौकातून सावकाश फिरताना आजोबा म्हणाले, "आमचा वाडा बारा खणी होता." सूनबाईंनी विचारलं, खण म्हणजे काय? दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. पूर्वी घर किती मोठं हे चौरस फुटांत सांगत नसत, किती खणांचं ते सांगत.

मला हवं होतं ते तिथे सापडलं. वाड्यात ओसरी, माजघर, देवघर, कोठी यांची कामं पार वेगळी असतात, उजेड वेगळा असतो, तरी सगळं एका घरातलं वाटतं. नक्षी तर मोजक्याच जागी असते. एकपण येतं ते मापातून. खांब ठराविक अंतरावर, त्यामुळे दारं-खिडक्या त्या अंतरात बसणाऱ्या, कोनाडे एका रेषेत. डोळ्याला माप कळत नाही, पण ते चुकलं की खटकतं.

निर्णय

परत आल्यावर आम्ही पाच गोष्टी गोठवल्या. त्या कोणीही, मीसुद्धा, बदलायच्या नाहीत असं ठरलं. फरशी एकच, संपूर्ण तळमजल्यावर आणि जिन्यावर. दारं, खिडक्या आणि कपाटं यांचा माथा सगळीकडे सात फुटांवर. कपाटाच्या प्रत्येक शटरची रुंदी दीड फूट. तो आमचा नवा खण. दिसणारं लाकूड फक्त वाड्याचं. आणि कड्या, मुठी, खुंट्या फक्त पितळेच्या. यापलीकडे प्रत्येकाला आपल्या खोलीत रंग, कापड आणि दिवे यांचं पूर्ण स्वातंत्र्य.

फरशीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. दादांना मार्बल सोडवत नव्हता. मी मार्बल, व्हिट्रिफाइड टाइल आणि कोटा यांचे तुकडे आणून त्यांच्यावर हळद, लिंबू, चिंचेचा कोळ आणि तेल लावून रात्रभर ठेवायला वहिनींना सांगितलं. सकाळी मार्बलवर हळदीचा पिवळा डाग होता आणि लिंबाच्या जागी चकाकी गेली होती. टाइलला काहीच झालं नव्हतं. कोट्यावर तेलाने गडदपणा आला होता आणि लिंबाने तोही थोडा निस्तेज झाला होता, कारण कोटासुद्धा चुनखडीचाच दगड आहे. परीक्षा सरळसरळ टाइलने जिंकली होती.

तरी मी कोटा सुचवला, आणि त्यामागची कारणं त्यांच्यापुढे मांडली. कोटा झिजला, डागाळला तर मशीनने घासून पुन्हा पॉलिश करता येतो. टाइलचा वरचा थर गेला की ती बदलावीच लागते. जिन्याच्या पायऱ्यांना त्याच दगडाची गोल धार काढता येते, वेगळी पट्टी लागत नाही. शिवाय त्याचा हिरवट करडा रंग जुन्या सागवानाशेजारी शांत राहतो. ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घेतला, म्हणजे लिंबू-चिंचेचा बहुतेक त्रास तिथेच थांबतो. दादांनी दोन दिवस मागितले आणि मग होकार दिला. मार्बल ते विसरले नव्हते, म्हणून देवघराचं आसन मकराण्याच्या पांढऱ्या मार्बलचं केलं. घरातली तेवढीच एक पांढरी दगडी जागा, त्यामुळे तिला मान आला.

लाकडाच्या बाबतीत चूक माझी झाली. ढीग पाहून मी डोळ्यांनी अंदाज केला आणि घरातली चौदाही दारं या लाकडाची होतील असं सांगून बसले. मोजणी केली तेव्हा ९६ घनफूट भरलं. मग सुतार मिस्त्री एकेक तुळई तपासायला बसले. खिळे शोधायला हातात धरायचं यंत्र आणलं, तरी रंध्याच्या मशीनचं पातं दोनदा तुटलं. काही खांब भिंतीत गाडलेल्या बाजूने कुजलेले होते, दोन तुळयांना वाळवी लागली होती. शेवटी हाती आलं ५८ घनफूट. चौदा चौकटी आणि चौदा भरीव झडपा करायच्या तर त्यातच सगळं संपलं असतं, आणि कापताना जी नासाडी होते तिला काही उरलं नसतं. दिलेला शब्द मागे घ्यायला आजींसमोर बसावं लागलं.

मिस्त्रींचा सल्ला होता, जुनं लाकूड दर्शनी भागात लावू, बाकी सागवान व्हीनियरला (प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा) रंग देऊन मिळतंजुळतं करू. त्यांनी तीन नमुने केलेही. दिवसा ठीक दिसले. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिन्ही वेगळे पडले. आणखी दहा वर्षांनी जुनं लाकूड एका वाटेने रंग बदलणार, व्हीनियर दुसऱ्या. म्हणून ठरलं की नक्कल करायचीच नाही. जिथे हात लागतो तिथे वाड्याचं लाकूड: तळमजल्याच्या चौकटी, मुख्य दरवाजा, जिन्याचा कठडा, जेवणाचं टेबल, झोपाळ्याची फळी, देवघर. बाकी कपाटं आणि वरच्या मजल्याची दारं भिंतीच्याच रंगात रंगवायची. या एका निर्णयाने घरातला अर्धा गोंधळ गेला. व्हीनियरचे पैसे वाचले ते स्वयंपाकघर आणि न्हाणीघरांत उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या, म्हणजे आयएस ७१० मानकाच्या, प्लायसाठी वापरले.

उंबरा

हा निर्णय आकाराने सगळ्यात लहान होता, पण त्याला तीन बैठका लागल्या.

आजींना वाड्याचा उंबरा नव्या मुख्य दाराला हवा होता. पाच इंच उंचीचा, मधे झिजून खोलगट झालेला. लग्न होऊन आल्या तेव्हा याच उंबऱ्यावरचं धान्याचं माप त्यांनी उजव्या पायाने लवंडलं होतं. दर सणाला त्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं. आणि आजोबांचा वॉकर पाच इंच काय, अर्धा इंचही ओलांडू शकत नव्हता.

मुलगा म्हणाला, उंबरा भिंतीवर लावू, खाली दिवा सोडू. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. पायाखालची वस्तू भिंतीवर टांगली की तिचं काम संपतं. दुसरी सूचना मुख्य दाराला उंबरा आणि आजोबांसाठी बाजूने वेगळं दार अशी होती. ती मी लगेच बाजूला ठेवली. घराच्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला मागच्या दाराने आणायचं नाही.

तिसऱ्या बैठकीत मिस्त्रींनी सहज विचारलं, "उंबरा वर उचलायलाच हवा का? जमिनीत बसवला तर?" तसंच केलं. कोट्यात पाच इंचांची खाच ठेवून उंबरा फरशीच्या पातळीला मिळवून बसवला. खोलगट भागाच्या कडा अगदी हलक्या घासून तो उथळ केला, पूर्ण सपाट केला नाही. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरची पडवी पाच फूट रुंद केली आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार दिला. जोतं दीड फुटाचं, त्यामुळे एकास बारा या प्रमाणात उतरण अठरा फुटांची झाली. ती बाजूच्या भिंतीलगत नेली.

आजींनी विचारलं, "मग ओलांडायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजोबा म्हणाले, "मी ओलांडीन. तू बघ."

काम

झोपाळ्याने खूप छळलं. स्लॅबमध्ये कडी सोडलेली नव्हती. नुसतं भोक पाडून अँकर ठोकायला स्ट्रक्चरल इंजिनिअरनी साफ मनाई केली, कारण झोक्याचा भार स्थिर नसतो, तो दर हेलकाव्याला ओढतो. शेवटी दोन बीममध्ये लोखंडी सेक्शन आडवा बसवून त्याला कड्या लावल्या आणि सेक्शनवर वाड्याच्या तुळईचं आवरण घातलं. इथे लाकडाने भार पेललेला नाही, माझ्याच नियमाला हा अपवाद आहे, आणि तो मला अजून थोडा खुपतो. झोपाळ्याच्या पुढे-मागे चार-चार फूट मोकळे सोडावे लागले, म्हणून सोफा एक बैठकीने कमी केला.

ओट्याची उंची हा वहिनी आणि आजी यांच्यातला प्रश्न होता. कोपरापासून साधारण चार इंच खाली ओटा असला की पाठ दुखत नाही. वहिनींना त्या हिशेबाने ३४ इंच सोयीचे, आजींना जेमतेम ३०. मधलं ३२ धरलं असतं तर दोघींची पाठ दुखली असती. मुख्य ओटा ३४ चा केला आणि खिडकीपाशी तीन फूट लांबीचा तुकडा ३० इंचांवर उतरवला. पोळ्या लाटायला आता सूनबाईही तिथेच स्टूल घेऊन बसतात. लाल शटर आले नाहीत. लाल रंग मात्र आला, डब्यांच्या मांडणीच्या आतल्या बाजूला. दार उघडलं की दिसतो.

दिव्यांवरून दादांशी पुन्हा मतभेद झाला. त्यांना ट्यूबलाइटसारखा पांढरा स्वच्छ उजेड हवा होता. पिवळ्या दिव्यात अंधारल्यासारखं वाटतं असं त्यांचं म्हणणं. मी वाद न घालता हॉलच्या दोन बाजूंना ६५०० केल्विनचे पांढरे आणि ३००० केल्विनचे पिवळे दिवे आठ दिवस लावून ठेवले. पांढऱ्या उजेडात जुनं सागवान राखेसारखं दिसत होतं. सहाव्या दिवशी दादांनीच पांढरे काढायला सांगितले. त्यांचा मुद्दाही खरा होता, उजेड कमी पडत होता. म्हणून दिव्यांची संख्या वाढवली आणि ओट्यावर व अभ्यासाच्या टेबलांवर ४००० केल्विन ठेवले. नऊपैकी सात फॉल्स सीलिंग रद्द झाली.

खोल्यांचं स्वातंत्र्य सगळ्यांनी आपापल्या परीने वापरलं. मुलाने एक भिंत गडद निळी केली. मुलीने गुळेदगुड्डच्या खणाच्या कापडाच्या उशा आणि पडद्याला काठ लावले. आजोबांना काहीच नको होतं, फक्त पलंगावरून किल्ला दिसायला हवा होता, पलंग फिरवला.

निष्पत्ती

नऊ महिन्यांचं काम तेरा महिने चाललं. ४२ लाखांचा अंदाज ४७ वर गेला. वाढलेल्या पाचातले जवळपास दोन लाख जुन्या लाकडाची सफाई आणि त्यावरची मजुरी यांत गेले. जुनं लाकूड फुकट असतं हा समज या कामाने माझ्यापुरता संपला.

पहिल्या पावसाळ्यात तळमजल्याची दारं हलली नाहीत. वरच्या मजल्यावरची तीन दारं फुगून अडकू लागली. पेंटरने दारांच्या वरच्या आणि खालच्या कडा रंगवल्याच नव्हत्या. तिथून दमट हवा आत शिरली. दारं उतरवून, कडा घासून, सील करून पुन्हा लावली. ही तपासणी मी करायला हवी होती.

कोट्यावर दोन ठिकाणी गंजाचे डाग राहिले आहेत. काम चालू असताना खिळे असलेल्या ओल्या फळ्या कोणीतरी फरशीवर ठेवल्या होत्या. पॉलिशनंतर ते फिके झाले, गेले नाहीत.

आजोबा वास्तुशांतीच्या दिवशी वॉकर घेऊन मुख्य दारातून आत आले. जमिनीतल्या लाकडावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. त्यांनी वॉकर त्याच्या पलीकडे ठेवला, थांबले आणि उजवं पाऊल आधी टाकलं.

वेगळं काय करता आलं असतं

मी स्लॅबच्या आधी या कामात असते तर झोपाळ्याची कडी, विजेच्या नळ्या आणि दारांची उघडण्याची बाजू एकत्र ठरली असती. दोन खोल्यांत स्विचबोर्ड दारामागे गेले. भिंत फोडून हलवावे लागले. घर बांधणाऱ्यांना मी आता सांगते की अंतर्गत रचनेचा माणूस बोलवायचा तर पाया खणायच्या वेळी बोलवा, निदान एका बैठकीपुरता तरी.

लाकूड मोजून, तपासून, मगच शब्द द्यायला हवा होता. दिव्यांची आणि डागांची चाचणी पहिल्या महिन्यात झाली असती तर दोन महिने वाचले असते. प्रत्येक मतभेदात बोलण्याने जेवढं सुटलं नाही तेवढं समोर ठेवलेल्या वस्तूने सुटलं, आणि तरी मी सुरुवातीला बोलण्यातच वेळ घालवला.

सगळ्यात मोठी चूक दिवाळीत समजली. पाहुणे आले आणि गाद्या ठेवायला घरात जागाच नाही. मी कपडे, भांडी, पुस्तकं, वर्षाचं धान्य, गौरी-गणपतीच्या सजावटीचं सामान, सगळं लिहून घेतलं होतं. गाद्यांचं विचारलंच नाही. वाड्यात त्या माळ्यावर जात, त्यामुळे कोणाच्या बोलण्यातही आल्या नाहीत. सध्या बारा गाद्या मुलीच्या खोलीत भिंतीला टेकून आहेत, आणि तिची तक्रार रास्त आहे.

जिन्याखाली साडेचार फूट रुंदीची जागा मोकळी आहे. उन्हाळ्यात तिथे दीड-दीड फुटांची तीन शटरं बसतील. त्यांच्या चौकटीसाठी मिस्त्रींनी वाड्याचं चार घनफूट लाकूड बाजूला काढून ठेवलं आहे.